रोजची गोळी

गेल्या आठवड्यात हापिसात चहाच्या वेळी वाद झाला. विषय पंजाबवरून निघाला. तिथे हेरॉइनच्या व्यसनात अडकलेल्या लोकांना सरकारी दवाखान्यात फुकट गोळी मिळते आणि ती गोळीही अफूच्याच कुळातली असते, एवढंच मी म्हणालो. टीममधला एक जण उसळलाच. "म्हणजे एक नशा सोडवायला सरकार दुसरी नशा देणार? तीही आपल्या टॅक्सच्या पैशातून? वा रे वा!" बाकीचे हसले. मला तिथल्या तिथे धड उत्तर देता आलं नाही. मीटिंगची वेळ झाली, सगळे कप टाकून उठले. पण डोक्यातून विषय जाईना. म्हणून आजची शनिवार सकाळ त्यालाच देतोय.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. आणि दुसरं म्हणजे, काही वर्षांपूर्वी मीही अगदी हेच वाक्य म्हणालो असतो. खरं तर म्हणालोही होतो, आणि ज्याच्याबद्दल म्हणालो तो ऐकायला जिवंत नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आमच्या चाळीत माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा एक दादा होता. डावखुरा बोलर. आम्हा पोरांना टेनिस बॉलवर स्विंग शिकवणारा. तो गर्दच्या नादी लागला. घरातली भांडी गेली, आईच्या बांगड्या गेल्या. शेवटी नातेवाइकांनी पैसे जमवून त्याला लांबच्या एका केंद्रात ठेवलं. तीन महिन्यांनी परत आला तेव्हा अंगावर मांस चढलं होतं, हसत होता. काकूंनी चाळभर पेढे वाटले. आणि पाचव्या आठवड्यात तो स्टेशनजवळच्या संडासात मेलेला सापडला.

चाळीचा निकाल ठरलेला होता. "इच्छाशक्तीच नव्हती हो. एवढं केलं घरच्यांनी, पण शेवटी कुत्र्याचं शेपूट..." मीही मान डोलावली होती. त्याने नेहमीपेक्षा जास्त घेतली असणार, असंच सगळ्यांनी धरलं.

बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की बहुधा तसं नव्हतं. शरीराला गर्दची सवय होते तशी सहनशक्तीही वाढत जाते. कालचा डोस आज पुरत नाही. पण दोन-तीन महिने पूर्ण बंद ठेवलं की ही सहनशक्ती उतरते. ओढ मात्र तशीच राहते. मग एखाद्या वाईट दिवशी माणूस जुन्या हिशेबाने नेहमीचाच डोस घेतो. पूर्वी ज्या डोसने त्याची फक्त टर्की थांबायची, तोच डोस आता श्वास थांबवतो. म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे, आणि आपण पेढे वाटतो ते नेमके तेव्हाच.

असो. तर आता गोळीकडे वळू.

हेरॉइन, ब्राऊन शुगर म्हणजे गर्द, अफू, मॉर्फिन ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. मेंदूत यांच्या मापाची कुलपं असतात, त्यात ती जाऊन बसतात. रोज बाहेरून एवढा माल येतोय म्हटल्यावर शरीर आपला कारभार त्याच्या भरवशावर लावून घेतं. मग तो अचानक बंद झाला की टर्की सुरू होते. नाक गळणं, हाडं मोडल्यासारखी दुखणं, उलट्या, जुलाब, झोप नाही. ब्राऊन शुगरची किक काही तासांत उतरते. त्यामुळे माणसाचा सगळा दिवस एकाच कामात जातो : पैसे जमव, पुडी मिळव, ओढ, परत पैसे जमव. नोकरी कधी करणार, पोराला शाळेत कधी सोडणार?

पर्यायी औषधाची कल्पना साधी आहे. त्याच कुलपात बसणारं, पण हळू चढणारं आणि खूप वेळ टिकणारं औषध रोज ठरलेल्या मात्रेत द्यायचं. त्याने टर्की येत नाही, ओढ कमी होते आणि डोकं ताळ्यावर राहतं. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर या दोन डॉक्टरांनी १९६४ च्या सुमारास मेथाडोन वापरून हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं. नंतर ब्युप्रेनॉर्फिन आलं. ही जिभेखाली ठेवायची गोळी. तिचा एक मोठा गुण म्हणजे तिला छत आहे. एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी श्वासावरचा परिणाम त्या प्रमाणात वाढत जात नाही. त्यामुळे नुसत्या या गोळीने जीव जाण्याची भीती हेरॉइनपेक्षा किंवा मेथाडोनपेक्षा पुष्कळ कमी. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतली तर मात्र धोका आहेच. कुणी ती विरघळवून टोचून घेऊ नये म्हणून तिच्यात बऱ्याचदा नॅलोक्सोन मिसळलेलं असतं. जिभेखाली ठेवली तर नॅलोक्सोन जवळजवळ काहीच करत नाही, टोचली तर टर्की आणू शकतं. कुणीतरी एज केस विचारात घेऊन डिझाइन केलंय, एवढं आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं!

आता "पण चालतं का हे?" हा प्रश्न. स्टॉकहोममधला एक प्रयोग २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. हेरॉइनच्या आहारी गेलेले ४० जण घेतले. २० जणांना रोज ब्युप्रेनॉर्फिन. उरलेल्या २० जणांना पहिले सहा दिवस कमी कमी करत तेच औषध आणि नंतर खोटी गोळी. समुपदेशन, गटचर्चा वगैरे दोन्ही गटांना अगदी सारखं. वर्षाने बघितलं तर औषधवाल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकले होते. खोट्या गोळीवाल्यांपैकी एकही नाही. आणि त्या वीसमधले चार जण मेले होते. औषधवाल्या गटात मृत्यू शून्य. इच्छाशक्ती दोन्हीकडे सारखीच असणार ना? दोन्ही गटांतली माणसं स्वतःहून आली होती.

चाळीस माणसं फार थोडी, असं म्हणाल. बरोबर आहे. २०१७ साली 'बीएमजे'मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची गोळाबेरीज आली, त्यात मेथाडोनवरचेच सव्वा लाखाच्या आसपास लोक होते. मेथाडोन चालू असताना वर्षाला दर हजारी साधारण ११ मृत्यू, उपचार सुटल्यावर ३६. ब्युप्रेनॉर्फिनचे आकडे चार आणि साडेनऊ. त्याच अभ्यासात हेही होतं की मेथाडोनचे पहिले चार आठवडे आणि उपचार सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे जास्त धोक्याचे असतात. म्हणजे ही काही जादूची गोळी नाही, जपून वापरायचं औषध आहे. पण जीव वाचवतं यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधं २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

माझा खरा मुद्दा मात्र औषधाचा नाहीच. औषध कुठल्या खिडकीवर मिळतं, हा आहे.

फ्रान्सचं उदाहरण बघा. तिथे १९९६ पासून ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मुभा साध्या फॅमिली डॉक्टरांना मिळाली. खास केंद्रात जायला नको. सर्दी-खोकल्याला ज्यांच्याकडे जायचं त्याच डॉक्टरांकडे जायचं, चिठ्ठी घ्यायची आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून गोळ्या आणायच्या. काही वर्षांत हजारो माणसं उपचारात आली. १९९५ ते १९९९ या काळात नोंदलेले हेरॉइन ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. सगळं श्रेय या गोळीला देता येणार नाही, त्याच सुमारास तिथे मेथाडोन वाढलं, स्वच्छ सुयाही मिळू लागल्या. काही गोळ्या काळ्या बाजारात गेल्या, हेही खरं. पण एवढी मोठी घट सांडलेल्या गोळ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. अनिल अवचटांनी ऐंशीच्या दशकात 'गर्द'वर लिहिलं तेव्हा मध्यमवर्ग हादरला होता. ते वाचून पुलंनी मदत देऊ केली आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, हे मराठी माणसाला पटवण्यात या मंडळींचा वाटा फार मोठा आहे. पण एक गंमत बघा. आजारी आहे हे आपण मान्य केलं, आणि तरीही त्याला आजाऱ्यांच्या रांगेत उभं करायला तयार नाही. मधुमेहवाल्याचा केस पेपर सिव्हिलमध्ये निघतो. टीबीवाल्याला जवळच्या आरोग्य केंद्रात गोळ्या मिळतात. गर्दवाल्याला मात्र वेगळं केंद्र, लांबचं, भिंतीआडचं.

सरकारी पातळीवर तर ही फाइल तीन टेबलांवर विभागलेली आहे. पकडणं गृहखात्याकडे. व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान सामाजिक न्याय खात्याकडे. औषध आरोग्य खात्याकडे. ज्या बगचे तीन ओनर असतात त्याचं काय होतं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे.

ही गोळी भारतात आधीपासून आहे. नव्वदच्या दशकात काही स्वयंसेवी संस्थांनी ती द्यायला सुरुवात केली. २००७-०८ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, म्हणजे नॅकोने, ती आपल्या कार्यक्रमात घेतली. नॅकोची अशी केंद्रं मुंबईतही आहेत. पण ती आली एचआयव्हीच्या दारातून. एकच सुई अनेकांनी वापरली की एचआयव्ही पसरतो, म्हणून सुईने नशा करणाऱ्यांना गोळी द्यायची. कल्पना उत्तमच आहे, या उपचाराने एचआयव्ही लागण्याचा धोका निम्म्याच्या आसपास येतो असं २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. पण मग जो टोचत नाही, पन्नीवर ओढतो, त्याचं काय? त्याने आधी सुई हातात घ्यायची आणि मग रांगेत यायचं का?

हा प्रश्न खोचक वाटेल, पण आकडे बघा. एम्सच्या राष्ट्रीय केंद्राने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार अफूवर्गीय पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले लोक सुमारे ७७ लाख. सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख. म्हणजे ढोबळमानाने नऊतले आठ जण सुईवाले नाहीत. या ७७ लाखांपैकी निम्म्याहून अधिक मोजक्या राज्यांत आहेत आणि त्या यादीत पंजाब, हरियाणा, दिल्ली यांच्याबरोबर महाराष्ट्राचंही नाव आहे. तेव्हा "ते पंजाबचं झेंगट आहे" म्हणून हात झटकायला जागा नाही.

पंजाबने काय केलं? २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये अमृतसर, मोगा आणि तरनतारन या जिल्ह्यांत बाह्यरुग्ण केंद्रं सुरू केली. भरती व्हायचं नाही, घरून यायचं, गोळी घ्यायची, कामाला जायचं. सुईची अट नाही. पुढे राज्यभर पाचशेहून अधिक सरकारी केंद्रं झाली, तुरुंगांतही उपचार पोचला. सुरुवातीला रोज केंद्रावर येऊन कर्मचाऱ्यांसमोरच गोळी घ्यायची सक्ती होती. शेतमजुराने रोजंदारी बुडवून रोज बस पकडून यायचं म्हणजे अवघडच. मग २०२० चा लॉकडाऊन आला आणि नाइलाजाने घरी न्यायला गोळ्या द्याव्या लागल्या. आकाश कोसळलं नाही. जे धोरण वर्षानुवर्षं "शक्यच नाही" होतं ते काही दिवसांत शक्य झालं. वर्क फ्रॉम होमची गोष्ट आठवली ना?

पंजाबमध्ये सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. गोळ्या बाहेर विकल्या जाण्याच्या तक्रारी तिथेही झाल्या. आणि एक अडचण आपल्या धंद्याशी संबंधित आहे : नोंदणी. सरकारी सिस्टिममध्ये नाव, बोटांचे ठसे. त्यामागचा हेतू समजतो, एकाच माणसाने चार केंद्रांवरून गोळ्या उचलू नयेत. पण ज्या देशात नशा करणं हाच कायद्याने गुन्हा आहे, तिथे "मी नशा करतो" अशी नोंद सरकारी कॉम्प्युटरवर करायला कोण धजावेल? लायसन्स जाईल, पोराचं लग्न मोडेल, पोलिस दारात येतील, ही भीती खोटी ठरवता येत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएसमध्ये, ६४ए हे कलम आहे : थोड्या प्रमाणासाठी किंवा सेवनासाठी आरोप असलेला माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. चांगलं कलम आहे, पण ते किती जणांना माहीत आहे? रुग्णाचा डेटा उपचाराबाहेर कुणालाही दिसणार नाही, ही हमी सिस्टिमच्या पहिल्या व्हर्जनमध्येच हवी. नंतर पॅच मारून विश्वास येत नाही.

आता माझ्या टीममेटच्या प्रश्नाकडे येतो. एक नशा सोडून दुसरी नशा?

नाही. शरीर गोळीवर अवलंबून राहतं, हे खरं आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण माझे बाबा वीस वर्षं इन्सुलिनवर अवलंबून आहेत, त्यांना आपण इन्सुलिनचे व्यसनी म्हणत नाही. अवलंबून असणं वेगळं आणि व्यसन वेगळं. व्यसन म्हणजे त्या पदार्थापायी बांगड्या विकणं, नोकरी घालवणं, पोराची फी उडवणं. योग्य मात्रेत गोळी घेणारा माणूस गुंगीत नसतो. तो ट्रक भरतो, दुकान चालवतो, संध्याकाळी घरी जातो.

"किती दिवस घ्यायची?" गरज असेल तितके. काही जण काही वर्षांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करून बंद करतात, काहींना कायम लागते. घाईने बंद केलं तर काय होतं, ते स्टॉकहोममध्ये दिसलंच आहे.

"मग व्यसनमुक्ती केंद्रं बंद करायची का?" मुळीच नाही. गोळीने टर्की थांबते, आयुष्य परत उभं करायला माणसं लागतात. समुपदेशन हवं, घरच्यांशी बोलणं हवं, काम हवं. माझा आक्षेप एवढाच की गोळी नाकारून फक्त निश्चयावर माणसाला बाहेर सोडू नका. निदान दोन्ही पर्याय समोर ठेवा, आणि बाहेर पडल्यावरचा धोका त्याला आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.

एक गोष्ट मात्र सरकारने हे अंगावर घेण्याआधी समजून घ्यायला हवी. हा उपचार म्हणजे वचन आहे, मध्येच मोडता येत नाही. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला. तोवर युक्रेनच्या व्यवस्थेत तिथे सुमारे ८०० लोक या उपचारावर होते. रशियात मेथाडोनला बंदी, त्यामुळे काही आठवड्यांत सगळं बंद झालं. संयुक्त राष्ट्रांचे एड्सविषयक विशेष दूत मिशेल काझाचकिन यांनी २०१५ च्या जानेवारीत सांगितलं की त्यातले ८० ते १०० जण दगावले, बहुतेक ओव्हरडोसने किंवा आत्महत्येने. एका निर्णयाने दर दहातला एक! म्हणून ही गोळी एखाद्या प्रोजेक्टच्या, पायलटच्या, देणगीच्या भरवशावर नको. ती नेहमीच्या आरोग्यव्यवस्थेतच हवी, जिथे औषधांची खरेदी दरवर्षी होते आणि साठा संपला तर जाब विचारता येतो.

आपल्याला हे जमणारच नाही, असं कुणी म्हणू नये. २००४ पासून एचआयव्हीची औषधं आपण सरकारी दवाखान्यांतून फुकट देतोय, रोज, आयुष्यभर. तेव्हाही म्हणणारे म्हणत होते, "त्यांनी स्वतःच्या कर्माने आणलंय, आपण का भरायचं?" शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू-ड्रग्जशी निगडित आजार मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतलेत आणि सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिलाय. कायदा आहे, औषध आहे, पंजाबचा अनुभव आहे. प्रत्येक सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, मग उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत एक प्रशिक्षित डॉक्टर, तीच ओपीडी, तोच केस पेपर, तीच औषधांची खिडकी, आणि स्थिरावलेल्या माणसाला आठवड्याच्या गोळ्या घरी. मागणी एवढीच आहे.

सोमवारी टीममेटला एवढं सगळं ऐकवलं तर तो पळून जाईल. त्याला फक्त दादाची गोष्ट सांगणार आहे. तीन महिन्यांनी घरी परतताना त्याच्या खिशात त्या आठवड्याच्या गोळ्या असत्या, तर इच्छाशक्ती कमी पडल्याच्या दिवशीही तो कदाचित वाचला असता. आणि इच्छाशक्ती कमी पडायचे दिवस कुणाला येत नाहीत? मी तर या वर्षी तीनदा जिम सुरू केलंय.